ठोका थांबला, शिसे उरले

पेट्रोलचे इंजिन ओझ्याखाली आले की कधी कधी आतून धातूवर हातोडीने टकटक मारल्यासारखा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन नॉकिंग करते. मोटारीत हा आवाज बहुधा घाट चढताना ऐकू येतो. बोटीचा घाट मात्र कधी संपत नाही. पंखा सतत पाणी मागे लोटत असतो, वाटेत उतार येत नाही आणि गिअर बदलून इंजिनाला उसंत देण्याची सोय नसते. शिवाय पाण्याच्या आणि धुराड्याच्या गोंगाटात ही टकटक अनेकदा कानावरच पडत नाही. ती लक्षात येईपर्यंत पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडलेले असू शकते.

या आवाजाचे कारण शोधण्यात आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे घालवणारा अमेरिकन अभियंता म्हणजे थॉमस मिजली. त्याला उपाय सापडला आणि जगभरची इंजिने शांत झाली. मात्र त्या उपायाचा हिशेब पुढची अनेक दशके लहान मुलांच्या रक्तात मांडला जात राहिला.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हानियातील बीव्हर फॉल्स येथे झाला. वडील टायरच्या धंद्यातले आणि स्वतः नवनवे शोध लावणारे. मुलाने १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. रसायनशास्त्राचे रीतसर उच्च शिक्षण त्याने घेतलेले नव्हते, तरी पुढे त्याचे नाव झाले ते रसायनशास्त्रज्ञ म्हणून. १९१६ मध्ये तो ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करू लागला.

केटरिंग त्या वेळी एका आरोपाने वैतागलेले होते. त्यांनी तयार केलेली बॅटरीवरची प्रज्वलन यंत्रणा आणि विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला होता. हँडल मारून इंजिन सुरू करण्याची कटकट संपली, पण त्याच सुमारास इंजिने ठोकू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. दोष ठिणगीचा, म्हणजे केटरिंग यांच्या यंत्रणेचा, असे प्रतिस्पर्धी सांगू लागले. घरगुती विजेसाठी केटरिंग यांनी काढलेली छोटी जनित्रे रॉकेलवर चालवली की तीही ठोकत. ठिणगीचा दोष खरा की खोटा, हे शोधण्याचे काम मिजलीकडे आले.

आरोप अगदीच निराधार नव्हता. सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एका क्षणात जळत नाही. ज्योत प्लगपासून निघून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला सेकंदाचे काही हजारांश भाग लागतात. तेवढ्या वेळात पिस्टन बराच सरकतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी टाकावी लागते. किती आधी, हे क्रँकच्या अंशांत मोजतात आणि त्यालाच टायमिंग म्हणतात. वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. ती फार उशिरा पडली तर जोर कमी पडतो, पेट्रोल वाया जाते आणि धुराडे तापते. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब कळसाला जातो. ज्योतीची वाट पाहणारे कोपऱ्यातले मिश्रण त्या दाबाने आणि उष्णतेने एकदम आपोआप पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती कंप पावतात आणि टकटक ऐकू येते.

जुन्या धाटणीच्या बोटीच्या इंजिनात आजही तपासणी याच समजुतीवर चालते. आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट नेमकी करायची, कारण फट बदलली की टायमिंगही हलते. मग फ्लायव्हीलवरच्या खुणेवर टायमिंग लाइट धरून इंजिन संथ चालताना अंश पाहायचे. नंतर वेग वाढवून खूण पुढे सरकते का, ते बघायचे. खाऱ्या हवेने आतली वजने आणि स्प्रिंगा गंजल्या असतील तर खूण जागची हलत नाही किंवा झटक्याने उडी मारते. डिस्ट्रिब्युटरची पकड ढिली असेल तर प्रत्येक फेरीला आकडा बदलतो. हे सगळे बरोबर असूनही इंजिन ठोकत असेल तर संशय दुसरीकडे वळवायचा: सिलिंडरच्या माथ्यावर साचलेला कार्बन, चुकीच्या प्रतीचे प्लग, थंड पाण्याच्या वाटेत अडकलेला गाळ, गरजेपेक्षा मोठा पंखा, तळाला चिकटलेले शिंपले किंवा टाकीत पडून शिळे झालेले पेट्रोल.

मिजलीने हाच मार्ग धरला. सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला कसा चढतो, याची नोंद त्याने प्रकाशाच्या झोताने फोटोच्या फिल्मवर उमटवून घेतली. आलेख स्पष्ट होता. ठोका ठिणगीच्या आधी पडत नव्हता, नंतर पडत होता. म्हणजे मिश्रण वेळेआधी पेटत नव्हते. ठिणगी नीट पडून ज्योत निघाल्यावर उरलेले मिश्रण बिथरत होते. टायमिंग मागे घेतले की आवाज थांबे, पण जोरही जाई. तापाच्या रोग्याला ताप उतरवणारी गोळी द्यावी आणि संसर्ग तसाच राहावा, असा हा प्रकार होता. मूळ दोष ठिणगीत नसून इंधनात होता.

इंधनाला औषध कोणते द्यायचे, याची सुरुवात एका चुकीच्या कल्पनेतून झाली. बर्फातही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीच्या पानांची मागची बाजू लालसर असते. लाल रंग उष्णता जास्त शोषतो म्हणून ती लवकर फुलत असावी, असे केटरिंग यांना वाटे. मग इंधनही लाल केले तर ते लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा तर्क निघाला. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन घातले. ठोका थांबला. नंतर खरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच झाले नाही. रंग नसलेल्या आयोडीनच्या संयुगाने मात्र पुन्हा गुण दिला. कल्पना खोटी ठरली, पण इंधनात अगदी थोडे काही मिसळून ठोका थांबवता येतो, हे सिद्ध झाले.

आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. पुढची पाच वर्षे मिजली आणि त्याचे सहकारी एकामागून एक पदार्थ तपासत राहिले. अॅनिलिन चालले, पण त्याच्या धुराला घाण वास येई. सेलेनियम आणि टेल्युरियम चालले. त्यांचा लसणासारखा वास अंगाला, श्वासाला आणि कपड्यांना असा चिकटे की माणसे जवळ येईनात. शेवटी आवर्तसारणीतली मूलद्रव्यांची जागा पाहून क्रमाने शोध सुरू झाला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचे एक तेलकट द्रव संयुग, इंजिनात गेले आणि ठोका पूर्ण थांबला. एका गॅलनला सुमारे ३ घनसेंटिमीटर एवढे ते पुरे होते.

याच काळात मिजली आणि केटरिंग यांना दुसरा उपायही माहीत होता. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळले तरी ठोका थांबतो, हे त्यांनी स्वतः पाहिले आणि दाखवले होते. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे, ते कोणालाही बनवता येई आणि त्यावर मक्तेदारी मिळणे कठीण होते. शिसे चिमूटभर लागे आणि त्याचे पेटंट घेता येत होते. हा निर्णय प्रयोगशाळेत झाला नाही, तो हिशेबाच्या वहीत झाला.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. विक्रीसाठी नाव ठेवले एथिल. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ मध्ये त्याच नावाची कंपनी निघाली. केटरिंग अध्यक्ष झाले, मिजली उपाध्यक्ष. दरम्यान एक अडचण उरली होती. जळलेल्या शिशाचा थर प्लगवर आणि झडपांवर साचत असे. त्यावर तोड म्हणून ब्रोमीनचे एक संयुग मिसळले गेले. त्याने शिशाची वाफ करून ते धुराड्यातून बाहेर काढून टाकले. इंजिन स्वच्छ राहिले. बाहेर टाकलेले शिसे कुठे जाते, हा इंजिनाचा प्रश्न नव्हता. ब्रोमीनची मागणी मात्र इतकी वाढली की पुढे १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर क्युरे बीच येथे समुद्राच्या पाण्यातून ते काढण्याचा कारखाना उभा राहिला.

शिसे विष आहे, हे रोमन काळापासून माहीत होते. टेट्राइथाइल लेडचा धोका मात्र साध्या शिशाहून वेगळा. ते चरबीत विरघळते, त्यामुळे अखंड कातडीतूनही आत शिरते आणि थेट मेंदूवर हल्ला करते. आधी झोप उडते, मग भीतीदायक स्वप्ने पडतात, नसलेले किडे दिसतात, भ्रम होतो, झटके येतात. हे बनवणाऱ्या न्यू जर्सीतील एका कारखान्याच्या इमारतीला कामगारांनी फुलपाखरांचे घर असे नाव दिले होते, कारण तिथली माणसे हवेत नसलेले किडे झटकत बसत. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतीलच बेवे येथील तेल कारखान्यात ५ कामगार असे भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि ३० हून अधिक जण रुग्णालयात गेले. वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या. न्यूयॉर्क शहराने विक्रीवर बंदी घातली.

३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजलीने पत्रकारांना बोलावले. त्यांच्यासमोर त्याने टेट्राइथाइल लेडने हात धुतले आणि बाटली नाकाखाली धरून सुमारे एक मिनिट वाफ हुंगली. रोज असे केले तरी काही होणार नाही, असा त्याचा दावा होता. पत्रकारांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. १९२३ च्या सुरुवातीला तो स्वतःच शिशाच्या विषबाधेने आजारी पडला होता आणि काम सोडून मोकळ्या हवेसाठी फ्लोरिडाला गेला होता.

वैद्यकाच्या दृष्टीने या प्रात्यक्षिकात मोठी फसगत होती. एका माणसाने, एकदा, एक मिनिट हुंगले आणि तो उभा राहिला, यावरून विषाची तीव्र मात्रा फार तर कळते. तेच विष रोज थोडे थोडे, सगळ्या शहराला, गर्भवतींना आणि रांगत्या मुलांना मिळाले तर काय होईल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेते. ते हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलात जवळपास निम्मा. वाढत्या मेंदूतले जोड बिघडवायला ते पुरेसे असते. आणि या बिघाडाला आवाज नसतो.

हा मुद्दा त्या काळातही मांडला गेला होता. २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने बैठक बोलावली. औद्योगिक आजारांच्या जाणकार आणि हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक डॉ. अॅलिस हॅमिल्टन, तसेच येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की कारखान्यातले मृत्यू रोखता येतील, पण रस्त्यावरची संथ विषबाधा लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असेल. विक्री तात्पुरती थांबली. समितीने काही महिन्यांत वाहनचालक आणि गॅरेजमधले कामगार तपासले आणि जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही, असा निष्कर्ष दिला. पुढे दीर्घकाळ अभ्यास चालू ठेवावा, हेही तिने सुचवले होते. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा अभ्यास मुख्यतः उद्योगाच्या पैशांवर आणि उद्योगाच्याच डॉक्टरांच्या हाती राहिला.

मिजली तोवर दुसऱ्या कामाला लागला होता. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळतीने घरात माणसे मरत. १९२८ मध्ये त्याने आणि अल्बर्ट हेने यांनी यावर फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली; तो विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एकाच श्वासात दाखवले. या वेळी दावा खरा होता. फ्रिऑनने असंख्य घरे सुरक्षित केली, आणि १९५६ पासून दम्याच्या पंपात याच कुळातल्या वायूंनी औषध फुप्फुसापर्यंत नेले. त्या वायूंनी ओझोनचा थर विरतो, हे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्ये दाखवले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर थांबत गेला आणि दम्याच्या पंपातले वायूही बदलले.

मिजलीवर मानसन्मानांचा वर्षाव झाला. १९४१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचे प्रीस्टली पदक मिळाले, १९४४ मध्ये तो त्या संस्थेचा अध्यक्ष झाला. पण १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, पोलिओने त्याचे पाय गेले. पलंगावरून स्वतःला उचलता यावे म्हणून त्याने दोर आणि कप्प्यांची एक यंत्रणा तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतील घरी तो त्याच दोरांत गळफास बसून मेलेला आढळला. तो ५५ वर्षांचा होता. आपल्या दोन्ही शोधांचे पुढे काय झाले, हे पाहायला तो उरला नाही.

शिशाचा हिशेब मांडायला सुरुवात केली ती क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने. पृथ्वीचे वय मोजताना त्याच्या प्रत्येक नमुन्यात बाहेरचे शिसे शिरत होते. ते कुठून येते, याचा माग काढत तो पेट्रोलपर्यंत पोहोचला आणि १९६५ मध्ये त्याने इशारा दिला. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी आणि वर्गातले लक्ष कमी, असे दिसले. या मुलांना विषबाधेची कोणतीही उघड लक्षणे नव्हती. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान १ ते ५ वर्षांच्या मुलांच्या रक्तात शिशाची सरासरी डेसिलिटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅम होती. पेट्रोलमधले शिसे काढल्यावर, १९९१ ते १९९४ च्या पाहणीत, ती ३ च्या खाली आली. सार्वजनिक आरोग्यात इतका सरळ परिणाम क्वचितच दिसतो.

भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया; तिथे ते २०२१ मध्ये थांबले. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांच्या इंधनात ते आजही आहे. ठोका थांबवण्याचे काम आता शुद्धीकरणाच्या चांगल्या पद्धती आणि इतर मिश्रणे करतात. त्यात इथेनॉल आहे, म्हणजे मिजलीने बाजूला ठेवलेले तेच अल्कोहोल, जे महाराष्ट्रातले साखर कारखाने उसापासून बनवतात. तेही निखालस निर्दोष नाही. ते हवेतले पाणी ओढते. बोटीच्या टाकीत महिनोन्महिने पडून राहिले तर पाणी मिसळून खाली वेगळा थर बसतो आणि इंजिन अडखळते. पण टाकीतला दोष टाकी रिकामी केली की जातो. हाडात बसलेले शिसे तसे काढून टाकता येत नाही.

पेट्रोलमधून गेले म्हणून शिसे आपल्या घरातून गेले, असे नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे, घराचा जुना रंग खरवडणे, भेसळीची चकचकीत हळद, सुरमा आणि भंगारातून ओतलेली स्वस्त भांडी हे आजचे मार्ग आहेत. घरात किंवा शेजारी बॅटरीचे, रंगाचे किंवा भंगाराचे काम चालत असेल तर कामाचे कपडे वेगळे धुवावेत, अंघोळ करूनच मुलांना जवळ घ्यावे आणि जुना रंग काढताना धूळ उडू न देता तो ओला करून काढावा. मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते. मूल कारणाशिवाय चिडचिडे झाले, पोट दुखते, बद्धकोष्ठ होतो, रक्त कमी भरते, अभ्यासात मागे पडते, आणि घराजवळ असा उद्योग असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. रक्तातले शिसे तपासता येते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही, आणि इंजिनासारखी ठोक्याची सूचना मुलाचे शरीर देत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता विचारणे आणि तपासणे, एवढेच हाती उरते.